कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेची सुरक्षितता आणि कायदेशीर अनुपालन : संस्थात्मक जबाबदारीचा एक विचार

सारांश : कार्यालयातील अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा हे आज केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नसून ती प्रत्यक्षात एक संगणकप्रणाली बनली आहे. तथापि, तिच्या सुरक्षिततेचा विचार संस्था क्वचितच करतात. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचे स्वरूप, तिच्या गैरवापराचे प्रमुख मार्ग आणि भारतातील संबंधित कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले आहे. यंत्रणेची मालकी ज्या संस्थेकडे असते, तिच्या वापराची व नोंदींची जबाबदारीही त्याच संस्थेकडे असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा, अनधिकृत प्रवेश, कॉल नोंदी, संभाषणाची गोपनीयता, दूरसंचार कायदा.

१. प्रस्तावना

शिक्षणसंस्था असो, सहकारी बँक असो वा कारखाना, मध्यम आकाराच्या बहुतेक कार्यालयांत ईपीएबीएक्स या नावाने ओळखली जाणारी अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा असते. भिंतीवर बसवलेली एक पेटी, तिला जोडलेले वीस-पंचवीस दूरध्वनी आणि कार्यालयातील एखादा चालक एवढेच तिचे दर्शनी स्वरूप असल्यामुळे ती पंखा किंवा विजेचा दिवा यांच्या पंक्तीतील वस्तू मानली जाते. संगणक कक्षाला कुलूप असते, संगणकाला परवलीचा शब्द असतो. दूरध्वनीच्या पेटीला मात्र यांपैकी काहीही नसते.

प्रस्तुत लेखकाचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले ते एका प्रत्यक्ष घटनेमुळे. काही वर्षांपूर्वी लेखक अध्यापन करीत असलेल्या एका महाविद्यालयात दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेल्या दूरध्वनी बिलात मध्यरात्रीनंतर केलेल्या अनेक आंतरराष्ट्रीय कॉलची आकारणी होती. त्या वेळी इमारतीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याशिवाय कोणीही नव्हते आणि कार्यालयाची किल्ली त्याच्याकडेच असे. साहजिकच संशय त्याच्यावर गेला व त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. पुढे यंत्रणेची तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, हे कॉल कार्यालयातील कोणत्याही दूरध्वनीवरून झालेलेच नव्हते. बाहेरून आलेला कॉल यंत्रणेत शिरून दुसऱ्या लाइनवरून परदेशी जात होता. ही सुविधा पेटी बसवल्या दिवसापासून सुरू होती आणि तिचा सांकेतिक क्रमांक कारखान्यातून आला होता तोच होता. पहारेकरी निर्दोष ठरला. परंतु ते सिद्ध होईपर्यंतचे दिवस त्याला कोणी परत देऊ शकले नाही. बिल मात्र महाविद्यालयाला भरावेच लागले.

या घटनेतून तीन प्रश्न उपस्थित होतात. बाहेरची व्यक्ती यंत्रणेत शिरते कशी? त्याची जबाबदारी कोणाची? आणि यासंबंधी कायदा संस्थेकडून काय अपेक्षितो? या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

२. यंत्रणेचे स्वरूप

अंतर्गत दूरध्वनी यंत्रणेमागील मूळ कल्पना काटकसरीची आहे. कार्यालयातील प्रत्येक टेबलावर स्वतंत्र लाइन घेण्याऐवजी मोजक्या बाह्य लाइन घ्याव्यात आणि त्या सर्वांनी वाटून वापराव्यात, तसेच आपापसांतील संभाषणासाठी बाहेरच्या दूरध्वनी केंद्रावर अवलंबून राहू नये, हा तिचा हेतू. म्हणजेच ही यंत्रणा हे संस्थेच्या मालकीचे एक लहानसे दूरध्वनी केंद्रच असते. पूर्वी तेथे चालक हाताने जोडणी करून देत असे. पुढे ते काम विद्युत-यांत्रिक साधनांकडे आणि त्यानंतर अंकीय तंत्राकडे आले. भारतात १९८४ साली सी-डॉट या संस्थेची स्थापना झाल्यानंतर लहान क्षमतेच्या स्वदेशी अंकीय यंत्रणा विकसित झाल्या व त्यांच्या प्रसाराला गती मिळाली.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून या क्षेत्रात मूलभूत बदल घडून आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एसआयपी संकेतप्रणालीच्या सुधारित मानकानंतर इंटरनेटच्या तंत्रावर चालणाऱ्या दूरध्वनी यंत्रणा वेगाने रूढ झाल्या. आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते संगणकाच्या जाळ्यातून पाठवले जाऊ लागले. परिणामी पेटीची जागा सर्व्हरने घेतली आणि दूरध्वनी संच हाही जाळ्यातील एक संगणक ठरला.

येथे इतिहासातील एका धड्याचे स्मरण उचित ठरेल. अमेरिकेच्या जुन्या दूर अंतराच्या दूरध्वनी जाळ्यात २६०० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर हा लाइन मोकळी असल्याचा संकेत असे आणि तो संभाषणाच्याच मार्गावरून जात असे. १९६० व १९७० च्या दशकांत काही तरुणांनी हा स्वर लाइनवर वाजवून फुकट कॉल करण्याची युक्ती शोधली. आवाज व आज्ञा एकाच मार्गावरून जात असल्यामुळे हे शक्य झाले. कालांतराने संकेतांसाठी स्वतंत्र मार्ग योजून हा दोष दूर करण्यात आला. इंटरनेटवर आधारित यंत्रणेत मात्र आवाज, आज्ञा आणि कार्यालयातील इतर सर्व माहिती पुन्हा एकाच तारेवर आली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आवाजाचे व माहितीचे जाळे तार्किकदृष्ट्या वेगळे ठेवावे, अशी शिफारस केली आहे, ती याच कारणाने.

३. गैरवापराचे प्रमुख मार्ग

(अ) बाहेरून आत, आतून बाहेर : कर्मचारी बाहेरगावी असताना त्याने कार्यालयात कॉल करावा, सांकेतिक क्रमांक द्यावा आणि कार्यालयाच्या लाइनवरून पुढचा कॉल करावा, यासाठी बऱ्याच यंत्रणांमध्ये ‘डिसा’ नावाची सुविधा दिलेली असते. सांकेतिक क्रमांक चार अंकी असेल तर एकूण शक्यता दहा हजारच असतात आणि त्या तपासून पाहणे यंत्राला अवघड नाही. मूळ क्रमांक बदललेलाच नसेल तर तेवढ्याही श्रमांची गरज उरत नाही. कॉल पुढे वळवण्याच्या सुविधेचाही असाच गैरवापर होतो. या गुन्ह्यामागील अर्थकारण समजून घेणे आवश्यक आहे. परदेशातील काही क्रमांकांवर येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे त्या क्रमांकाच्या धारकाला उत्पन्नाचा वाटा मिळतो. गुन्हेगार असे क्रमांक हाताशी धरतो आणि दुसऱ्याच्या यंत्रणेतून त्यांवर तासन्‌तास कॉल करवतो. येथे संभाषण होतच नाही, केवळ आकारणी होते. सुट्ट्या व रात्रीची वेळ निवडली जाते, कारण त्या वेळी पाहणारा कोणी नसतो.

(आ) दुर्बल परवलीचे शब्द : इंटरनेटवर आधारित यंत्रणेत प्रत्येक अंतर्गत क्रमांकाची नोंदणी सर्व्हरवर होते. अंतर्गत क्रमांक १०१ आणि त्याचा परवलीचा शब्दही १०१ अशी मांडणी सोयीखातर केली जाते. एसआयपीचे नेहमीचे द्वार, म्हणजे ५०६० क्रमांकाचे पोर्ट, इंटरनेटवर उघडे असेल तर स्वयंचलित प्रणाली ते हुडकून काढतात व क्रमाक्रमाने शब्द लावून पाहतात. लहान गावातील महाविद्यालयाकडे कोणाचे लक्ष जाणार, हा समज येथे निरर्थक ठरतो; कारण शोध घेणारी प्रणाली गाव पाहत नाही, उघडे द्वार पाहते.

(इ) ध्वनिनिरोपांची चोरी : लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाच्या वार्ताहरांनी अनेकांच्या मोबाइलवरील ध्वनिनिरोप चोरून ऐकल्याचे उघडकीस आले आणि १० जुलै २०११ रोजी त्याचा अखेरचा अंक निघाला. न बदललेले मूळ सांकेतिक क्रमांक हे त्या प्रकरणात वापरलेल्या साधनांपैकी एक होते. कार्यालयीन यंत्रणेतील ध्वनिपेटीची स्थिती याहून निराळी नसते.

(ई) संभाषणाचे श्रवण : संकेतबद्ध न केलेले संभाषण त्याच जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावरून टिपता येते. याशिवाय अनेक यंत्रणांत वरिष्ठांच्या दूरध्वनीवरून कनिष्ठांचे चालू संभाषण, त्यांना न कळता, ऐकण्याची सोय असते. ही सोय कोणाच्या दूरध्वनीला दिली आहे, हे बहुधा फक्त पेटी बसवणाऱ्या तंत्रज्ञालाच ठाऊक असते.

(उ) देखभालीचा दरवाजा : यंत्रणेची दुरुस्ती दुरून करता यावी म्हणून पुरवठादार एक स्वतंत्र प्रवेशमार्ग ठेवतो. देखभालीचा करार संपतो, तंत्रज्ञ नोकरी बदलतो. दरवाजा मात्र तसाच राहतो.

या पाचही प्रकारांत दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात काहीही बिघाड झालेला नसतो. कंपनीची जबाबदारी सर्वसाधारणपणे इमारतीतील जोडपेटीपर्यंत असते. तेथून आतील यंत्रणा ग्राहकाची असल्याने तिच्यातून निघालेला प्रत्येक कॉल कंपनीच्या दृष्टीने ग्राहकाचाच ठरतो. महाविद्यालयाला बिल का भरावे लागले, याचे उत्तर येथे मिळते.

४. कायदेशीर चौकट

४.१ संभाषणाची गोपनीयता : भारतात दूरध्वनी संभाषणात हस्तक्षेप करण्याचा अधिकार दीर्घकाळ भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) अन्वये केवळ शासनाकडे, तोही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयात, घरात किंवा कार्यालयात विनाहस्तक्षेप दूरध्वनीवर बोलता येणे हा गोपनीयतेच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. त्या निर्णयात घरासोबत कार्यालयाचाही उल्लेख आहे, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या अनेक तरतुदी २६ जून २०२४ पासून अमलात आल्या. त्यातील कलम ४२ नुसार दूरसंचार जाळ्यात अनधिकृत प्रवेश करणे किंवा बेकायदेशीरपणे संदेश मध्येच टिपणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाने स्वतः हस्तक्षेप करावयाचा झाल्यास त्याची कार्यपद्धती डिसेंबर २०२४ च्या नियमांनी घालून दिली आहे. शासनालाही जेथे लेखी आदेश व पुनर्विलोकन समिती यांचे बंधन आहे, तेथे एखाद्या संस्थाप्रमुखाने सहकाऱ्यांचे संभाषण गुपचूप ऐकण्यास कायद्याचा आधार सापडणे कठीण आहे. अशी सोय यंत्रणेत असणे म्हणजे ती वापरण्याचा अधिकार असणे नव्हे.

४.२ ध्वनिमुद्रण : संभाषणातील एका पक्षाने स्वतः केलेले किंवा करू दिलेले ध्वनिमुद्रण आणि त्रयस्थाने केलेले ध्वनिमुद्रण यांत फरक केला पाहिजे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरांशी संबंधित आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली, एका पक्षाच्या संमतीने पोलिसांनी केलेले दूरध्वनी संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले होते. परंतु पुरावा म्हणून ग्राह्य असणे आणि नियमितपणे सर्वांचे ध्वनिमुद्रण करून ते साठवणे या भिन्न बाबी आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, ज्यावरून व्यक्तीची ओळख पटते असे अंकीय ध्वनिमुद्रण ही वैयक्तिक माहितीच होय. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून संस्थांवरील प्रमुख कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. सूचना देणे, प्रयोजनापुरतीच माहिती ठेवणे, तिचे वाजवी संरक्षण करणे आणि ती फुटल्यास संबंधितांना कळवणे ही त्यांतील मुख्य कर्तव्ये होत. संरक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोकरीच्या प्रयोजनार्थ काही उपयोगांना अधिनियमाने सवलत दिली असली, तरी पालक, विद्यार्थी वा ग्राहक यांच्या संभाषणाला ती लागू पडत नाही.

४.३ नोंदी व घटनांची माहिती : भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजेच सर्ट-इन, या शासकीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, निगम संस्था व शासकीय संघटना यांनी माहिती-तंत्रज्ञान प्रणालीतील अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाच्या असून प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. दूरध्वनी यंत्रणा ही संगणकप्रणाली आहे, हे एकदा मान्य केले की तिच्या नोंदींनाही हाच दंडक लावणे तर्कसंगत ठरते. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या घटनेत पेटीची स्मृती भरताच जुन्या कॉल नोंदी पुसल्या जात होत्या. त्या पहिल्याच दिवशी उपलब्ध असत्या, तर पहारेकऱ्याकडून खुलासा मागवण्याची वेळच आली नसती. नोंदींचा उपयोग केवळ गुन्हेगार शोधण्यासाठी नसतो. निरपराध व्यक्तीच्या रक्षणासाठीही त्यांची तितकीच गरज असते.

४.४ कॉल करण्याची शिस्त : भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रचारात्मक कॉल नोंदणीकृत प्रेषकानेच आणि १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकमालिकेतून करावयाचे असतात. कार्यालयाच्या साध्या लाइनवरून असे कॉल करणाऱ्या अनोंदणीकृत प्रेषकांच्या सर्व दूरसंचार जोडण्या तोडाव्यात व त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे, असा निर्देश प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांना दिला. प्रवेशाच्या हंगामात अभ्यासक्रमांची जाहिरात करण्यासाठी शेकडो पालकांना कार्यालयातून कॉल करणाऱ्या संस्थांनी या निर्देशाची गंभीर दखल घ्यावयास हवी.

४.५ परवान्याची मर्यादा : अंतर्गत यंत्रणा स्वतःच्या वापरासाठी असते. तिच्यामार्फत बाहेरच्यांचे कॉल वाहून नेणे, विशेषतः इंटरनेटवरून आलेले परदेशी कॉल स्थानिक लाइनवर उतरवणे, म्हणजे विनापरवाना दूरध्वनी केंद्र चालवणेच होय. कॉल सेंटरसारख्या इतर सेवापुरवठादारांवरील नोंदणीचे बंधन नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाले आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी शिथिल झाले. तथापि, परवानाधारक कंपनीला टाळून अशी वाहतूक करण्याची मुभा त्यामुळे मिळालेली नाही.

५. आपत्कालीन कॉल : सुरक्षिततेचे दुसरे अंग

सुरक्षितता म्हणजे केवळ परक्याला रोखणे नव्हे. गरज पडेल तेव्हा यंत्रणा उपयोगी पडणे हेही तिचेच अंग आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डिसेंबर २०१३ मध्ये एका मोटेलच्या खोलीत एका महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ हा क्रमांक चार वेळा फिरवला. पण कॉल लागला नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागतो, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. आईचा मृत्यू झाला. या घटनेनंतर तेथे ‘करीज लॉ’ या नावाने ओळखला जाणारा कायदा फेब्रुवारी २०१८ मध्ये संमत झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या यंत्रणांमधून कोणताही आधीचा अंक न दाबता ९११ लागला पाहिजे आणि त्याची सूचना स्वागतकक्षासारख्या मध्यवर्ती ठिकाणी गेली पाहिजे, असे बंधन या कायद्याने घातले.

हा कायदा आपल्याला लागू नाही. परंतु त्यामागील प्रश्न आपलाही आहे. आपल्याकडील यंत्रणांमध्ये बाहेरच्या लाइनसाठी बहुधा शून्य दाबावा लागतो. जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला कॉल करताना आणखी एक शून्य लावावा लागतो. ११२ हा आपला एकत्रित आपत्कालीन क्रमांक आहे आणि जेथे अंतर्गत क्रमांक १०१ पासून दिले जातात, तेथे ११२ हा एखाद्या विभागाचा किंवा वसतिगृहातील खोलीचा अंतर्गत क्रमांक असू शकतो. अशा ठिकाणी संकटातील विद्यार्थिनीने ११२ फिरवला, तर पोलिसांऐवजी रात्री बंद असलेल्या एखाद्या विभागातील दूरध्वनी वाजत राहील. हे तपासण्यास एक मिनिट पुरते. याशिवाय, जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीला लाइनवरूनच वीज मिळत असे. इंटरनेटवर आधारित संच मात्र कार्यालयाची वीज गेली की बंद पडतो. म्हणून पर्यायी वीजपुरवठा किंवा निदान एक स्वतंत्र थेट जोडणी असणे आवश्यक ठरते.

६. उपाययोजना

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे संस्थांनी पुढील उपाय योजावेत, असे सुचवावेसे वाटते.

१) यंत्रणा बसवताना आलेले सर्व मूळ सांकेतिक क्रमांक व परवलीचे शब्द तात्काळ बदलावेत. अंतर्गत क्रमांक हाच परवलीचा शब्द ठेवू नये.

२) आंतरराष्ट्रीय कॉलची सुविधा सर्व लाइनवर बंद ठेवावी. गरज असलेल्या एक-दोन ठिकाणीच, लेखी मंजुरीने ती द्यावी आणि कार्यालयीन वेळेनंतर ती आपोआप बंद व्हावी, अशी मांडणी करून घ्यावी. बिलाची कमाल मर्यादा कंपनीकडून ठरवून घ्यावी.

३) डिसा, बाह्य कॉल वळवणे व गुप्त श्रवण या सुविधा वापरात नसतील तर काढून टाकाव्यात.

४) आवाजाचे जाळे विद्यार्थ्यांच्या संगणक प्रयोगशाळेच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे. एसआयपीचे द्वार इंटरनेटवर सर्वांसाठी उघडे न ठेवता कंपनीच्या सर्व्हरपुरतेच मोकळे ठेवावे. शक्य तेथे संकेत व संभाषण दोन्ही संकेतबद्ध करावे.

५) कॉल नोंदी पेटीबाहेर, स्वतंत्र संगणकावर किमान १८० दिवस जतन कराव्यात आणि दरमहा एका जबाबदार व्यक्तीने त्या पाहाव्यात.

६) देखभालीच्या करारात दुरून होणाऱ्या प्रवेशाची वेळ, पद्धत व करार संपल्यावर तो बंद करण्याची अट नमूद करावी. नवीन यंत्रणा घेताना दूरसंचार उपकरणांच्या अनिवार्य चाचणी व प्रमाणीकरणाचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून मागावे.

७) ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास कॉलच्या आरंभी तशी सूचना द्यावी व ते किती दिवस ठेवले जाईल, कोण ऐकू शकेल, याचा लेखी नियम करावा.

८) प्रत्येक अंतर्गत दूरध्वनीवरून ११२ थेट लागतो का, याची तपासणी वर्षातून एकदा करावी.

यांपैकी बहुतेक उपायांना नव्या खर्चाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती यंत्रणेची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवण्याची. संगणक विभाग दूरध्वनीला कार्यालयाची बाब समजतो, कार्यालय त्याला तंत्रज्ञाची बाब समजते आणि तंत्रज्ञ केवळ बोलावल्यावरच येतो. या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत धोका वाढत राहतो.

७. निष्कर्ष

अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा हे संस्थेच्या मालकीचे दूरध्वनी केंद्र असल्यामुळे ते चालवणाऱ्याची कर्तव्येही संस्थेकडे येतात. गैरवापर रोखणे, संभाषणाची गोपनीयता राखणे, नोंदी जतन करणे आणि संकटसमयी संपर्क उपलब्ध ठेवणे ही चार कर्तव्ये परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. यांतील कायदेशीर तरतुदी विविध अधिनियमांत विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचा रोख एकाच दिशेने आहे : ज्याच्या हाती साधन, त्याच्याकडे उत्तरदायित्व. हे उत्तरदायित्व संस्थेने वेळीच स्वीकारले नाही, तर ते अखेरीस सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या माथी जाते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. एका पहारेकऱ्याला ज्या खुलाशाचे उत्तर द्यावे लागले, तो खुलासा वस्तुतः संस्थेने स्वतःकडूनच मागवावयास हवा होता.